डेंटलच्या विद्यार्थ्यांसाठी लूप्स: आधी माप, मग पॉवर, शेवटी कंपनी

बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाचं क्लिनिकल पोस्टिंग जवळ आलं की नागपुरात ज्युनिअर मुलंमुली सिनिअरना एक प्रश्न हमखास विचारतात: "ताई, लूप्स कोणते घेऊ? बजेट फार नाही." लूप्स म्हणजे दात मोठे दाखवणाऱ्या, चष्म्यासारख्या फ्रेमवर बसवलेल्या भिंगांच्या दोन नळ्या. मेडिकल चौकाजवळचं शासकीय दंत महाविद्यालय असो की हिंगणा रोडवरची खासगी कॉलेजं, प्रश्न तोच असतो आणि उत्तरात बहुतेक वेळा एखाद्या कंपनीचं नाव मिळतं. माझं म्हणणं असं आहे की कंपनी हा या यादीतला शेवटचा मुद्दा आहे. तुमच्या मापाचे साधे लूप्स तुम्हाला दुसऱ्याच्या मापाच्या महागड्या लूप्सपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

याचं कारण भिंगाच्या स्वभावात आहे. लूप्समधून एका ठरावीक अंतरावरचंच स्पष्ट दिसतं. त्या अंतराच्या थोडं अलीकडे-पलीकडे चालतं, पण त्याबाहेर गेलात की धूसर. म्हणजे लूप्स चढवले की तुमचं डोकं पेशंटच्या तोंडापासून किती लांब राहणार हे तुम्ही ठरवत नाही, भिंग ठरवतं. अंतर बरोबर असेल तर ताठ बसण्यावाचून पर्याय उरत नाही आणि मान वाचते. अंतर कमी पडलं तर स्पष्ट दिसावं म्हणून तुम्ही वाकत जाता आणि दिवसभर तसेच वाकून बसता. मान-पाठ दुखणं हा डेंटिस्टांचा जुना आजार आहे. चुकीचे लूप्स तो लवकर आणतात.

डोळे तपासून घ्या

लूप्सवर पैसे घालण्याआधी नंबर तपासून घ्या. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) नेत्र विभागाच्या ओपीडीत तपासा किंवा सीताबर्डी, धरमपेठेतल्या तुमच्या नेहमीच्या चष्मेवाल्याकडे जा, पण तपासणी ताजी हवी. सिलिंडर नंबर असेल आणि तुम्ही एरवी चष्म्याशिवाय भागवत असाल तर लूप्स लावले तरी तो दोष राहील आणि तुम्ही विनाकारण भिंगाला दोष द्याल. लहानपणी तिरळेपणाचा उपचार झाला असेल किंवा जवळचं वाचताना दोन-दोन दिसत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. दोन नळ्यांमधून येणारी दोन चित्रं मेंदूने एकत्र करणं, यावरच लूप्सचं सगळं काम चालतं.

तिथेच पीडी, म्हणजे दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर मोजून मागा. लांब बघतानाचं आणि जवळ बघतानाचं, असे दोन आकडे मिळतात, दोन्ही लिहून घ्या. शक्य असेल तर नाकापासून उजव्या आणि डाव्या डोळ्याचं वेगळं माप घ्या, कारण अनेकांचा चेहरा मिलिमीटर-दोन मिलिमीटरने एका बाजूला असतो. हे आकडे विक्रेत्याने विचारलेच नाहीत, तर तो तुम्हाला कोणाच्याही मापाचा माल देतोय असं समजा.

वर्किंग डिस्टन्स: इथे घाई करू नका

वर्किंग डिस्टन्स म्हणजे काम करताना डोळ्यापासून दातापर्यंतचं अंतर. या मापासाठी एक मित्र, एक टेप आणि अर्धा तास लागतो. प्रीक्लिनिकल लॅबमध्ये फँटम हेडवर (सरावाच्या कृत्रिम डोक्यावर) टायपोडोंट (नकली दातांचा जबडा) लावा. ऑपरेटर स्टूलची उंची अशी ठेवा की मांड्या जमिनीला समांतर किंवा गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील आणि पाय पूर्ण टेकतील. खांदे सैल सोडा, कोपरं अंगालगत ठेवा. आता फँटम हेड वर-खाली करून तोंड साधारण कोपराच्या उंचीवर आणा. उलटं करू नका. पेशंटला तुमच्या बसण्याप्रमाणे आणायचं असतं, तुम्ही पेशंटप्रमाणे वाकायचं नसतं.

असे बसलात की आरसा आणि प्रोब हातात घेऊन खालच्या मोलरवर (दाढेवर) काम करण्याचा पवित्रा घ्या. मित्राने बाजूने डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून दातापर्यंत टेप धरायचा. मग वरचे पुढचे दात, मग वरचा मोलर आरशातून. मधेच उठून फेरी मारून या आणि पुन्हा बसून मोजा, कारण पहिल्या मोजणीला सगळेच जरा जास्त ताठ बसतात. आकडे एकमेकांच्या जवळ येऊ लागले की त्यांचा मध्य धरा.

तयार मिळणाऱ्या लूप्समध्ये साधारण ३४०, ४२० आणि ५०० मि.मी. अशी अंतरं असतात, काही कंपन्यांची ५२० किंवा ५५० सुद्धा. बुटक्या चणीच्या विद्यार्थ्याला ३४० ते ४२० पुरतं, उंच मुलाला ५०० लागू शकतं. पण उंचीवरून अंदाज बांधू नका. धड लांब आणि पाय आखूड असलेल्या माणसाचं माप त्याच उंचीच्या दुसऱ्या माणसाच्या मापाशी जुळत नाही. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं घ्या. थोडं मागे सरून बसावं लागलं तर अंग सावरून घेतं, रोज पुढे झुकावं लागलं तर नाही सावरत.

उभं राहून एक्स्ट्रॅक्शन करताना, म्हणजे दात काढताना, हे अंतर वाढतं. तेवढ्यासाठी वेगळे लूप्स घेऊ नका, त्या वेळी नळ्या वर करा.

पॉवर किती?

विद्यार्थ्यासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: २.५ एक्स, म्हणजे अडीच पट मोठं दाखवणारे. आणि ते फक्त पैसे वाचवण्यासाठी नाही.

पॉवर वाढली की तीन गोष्टी कमी होतात: दिसणारं क्षेत्र, स्पष्ट दिसण्याची खोली आणि आत येणारा प्रकाश. २.५ एक्सला साधारण अख्खं तोंड नजरेत राहतं. जीभ कुठे आहे, सक्शन कुठे आहे, एअरोटरचा बर (ड्रिलचं फिरणारं टोक) गालाजवळ तर जात नाही ना, हे सगळं दिसतं. ३.५ एक्सला तुम्ही एखाद्या भागापुरते उरता, त्याच्या पुढे काही दातांपुरते. ज्याचा हात अजून बसायचा आहे त्याला आजूबाजूचं दिसणं गरजेचं आहे. शिवाय मोठ्या पॉवरमध्ये हाताची थरथर सुद्धा मोठी दिसते.

बीडीएसमध्ये जे करायचं असतं, म्हणजे क्लास टू कॅव्हिटीची भिंत, क्राउन प्रेपचं मार्जिन, स्केलिंगनंतर उरलेला कॅल्क्युलस, ॲक्सेस ओपनिंगमधला पल्प चेंबरचा तळ, त्या सगळ्याला २.५ एक्स चांगलं पुरतं. वरच्या पहिल्या मोलरचा एमबी-टू कॅनल शोधायला मोठी पॉवर किंवा मायक्रोस्कोप कामाला येतो हे खरं, पण ती एमडीएस एंडोची (रूट कॅनलच्या पदव्युत्तर शिक्षणाची) गोष्ट झाली. तोवर तुम्हाला स्वतःचं काम नीट कळलेलं असेल आणि दुसरे लूप्स घेताना तुम्ही जास्त शहाणपणाने घ्याल.

रचनेचंही दोन ओळींत सांगतो. २.५ एक्सचे लूप्स बहुधा गॅलिलियन असतात: पुढे बहिर्गोल भिंग, डोळ्याकडे अंतर्गोल. आखूड, हलके, स्वस्त. ३.५ च्या आसपास आणि पुढे केप्लेरियन म्हणजे प्रिझमवाले येतात. त्यांत चित्र कडेपर्यंत छान असतं, पण नळी लांब, वजन जास्त आणि किंमतही तशीच. कुणी अगदी कमी पैशांत गॅलिलियन रचनेत चार-पाच एक्स देऊ करत असेल तर नाही म्हणा. त्यातून दिसणारं वर्तुळ काम करण्याजोगं नसतं.

फ्लिप-अप की टीटीएल

टीटीएलमध्ये (थ्रू द लेन्स) चष्म्याच्या काचेला भोक पाडून नळी कायमची बसवलेली असते. हलके असतात, डोळ्याच्या जवळ असल्याने क्षेत्रही मोठं दिसतं, आणि एकदा तुमच्यासाठी नीट बनवले की सेटिंगची कटकट नाही. फ्लिप-अपमध्ये नळ्या पुढे बिजागरीवर असतात, वर करता येतात, पीडी आणि कोन बदलता येतो. वजन थोडं जास्त आणि ते नाकाच्या पुढे असल्याने जाणवतंही.

तरीही विद्यार्थ्याने फ्लिप-अप घ्यावेत असं मी सांगेन. वीस-बावीसच्या वयात अनेकांचा नंबर अजून बदलत असतो. टीटीएलमध्ये नंबर बदलला की लूप्स कंपनीकडे पाठवावे लागतात, आठवडे जातात आणि खर्च वेगळा. फ्लिप-अपच्या फ्रेममध्ये किंवा आतल्या क्लिपमध्ये नवी काच तुमचा चष्मेवाला बसवून देतो. पेशंटशी बोलताना नळ्या वर करून त्याच्या डोळ्यांत बघता येतं, पोस्टिंगमध्ये सरांनी काही विचारलं की केसपेपर वाचता येतो. आणि पुढे ज्युनिअरला विकायचे झाले तर त्याच्या पीडीवर ते लागतात. टीटीएल दुसऱ्याच्या चेहऱ्यावर क्वचितच बसतात, म्हणून कुणी सिनिअर वापरलेले टीटीएल स्वस्तात देत असला तरी मोह आवरा.

स्वतःच्या चष्म्यावर चिमट्याने लावायचे लूप्सही मिळतात. साधा चष्मा तेवढं वजन पेलायला बनवलेला नसतो. तो घसरत राहतो आणि दर वेळी कोन बदलतो. टाळाच.

कोन आणि वजन

डिक्लिनेशन अँगल म्हणजे नळ्या किती खाली झुकलेल्या आहेत ते. हा कोन कमी असेल तर डोळ्यांऐवजी मान खाली करावी लागते. तपासायची पद्धत सोपी आहे. लूप्स घालून टायपोडोंटवर बसा आणि मित्राला बरोबर बाजूने मोबाईलवर फोटो काढायला सांगा. मान वीस-पंचवीस अंशांपेक्षा जास्त झुकलेली दिसली तर कोन वाढवा. वाढतच नसेल तर ते लूप्स तुमच्यासाठी नाहीत. स्वस्त फ्लिप-अपमध्ये बरेचदा नळीची बिजागरी मध्येच अडते, म्हणून हे दुकानातच बघा.

वजन विक्रेत्याच्या बोलण्यावर सोडू नका, किचनच्या काट्यावर ठेवा. लाईटसकट शंभर ग्रॅमच्या आत असेल तर तीन तासांची पोस्टिंग सुसह्य जाते. नोज पॅड मऊ, रुंद आणि बदलता येणारे हवेत. मागचा पट्टा सजावटीचा नसतो, तो घट्ट केला की नाकावरचा काही भार डोक्याच्या मागे जातो.

आजकाल प्रिझमने नजर वळवणारे, मान जवळपास सरळ ठेवून काम करता येणारे एर्गोनॉमिक लूप्स आले आहेत. मानेसाठी खरंच चांगले आहेत, पण महाग आहेत आणि नजर बसायला वेळ लागतो. प्रॅक्टिस सुरू झाल्यावर विचार करा.

हातात घेतल्यावर काय तपासायचं

खिशात ग्राफ पेपरचा तुकडा ठेवा. तो वर्किंग डिस्टन्सवर धरून बघितला की भिंगाचा बराचसा इतिहास समोर येतो. मधल्या रेषा सरळ आणि कडेच्या वाकलेल्या दिसत असतील तर भिंग साधारण आहे. थोडा वाक चालतो, पण निम्मं वर्तुळ वाकलेलं नको. काळ्या रेषेच्या कडेला जांभळी-पिवळी झालर दिसली तर रंगदोष आहे. कंपोझिटचं (दाताच्या रंगाच्या भरावाचं) मार्जिन बघताना हीच झालर त्रास देते. ट्यूबलाइटखाली बघताना आत पांढरी प्रतिबिंबं तरंगत असतील तर कोटिंग कच्चं आहे.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी पुढची. कागदावर पेनाने एक फुली काढा. दोन्ही डोळ्यांनी बघा: दोन वर्तुळं एकात एक मिसळून एकच दिसायला हवं. मग आळीपाळीने एक-एक डोळा मिटा. फुली किंचित डावी-उजवीकडे सरकली तर पीडी जुळवून ते बरंचसं सुधारतं. पण फुली वर-खाली उडी मारत असेल तर दोन नळ्या एका पातळीत नाहीत. आडवा फरक डोळे बऱ्यापैकी सांभाळून घेतात, उभा फरक सांभाळायची त्यांची ताकद फारच थोडी असते. असे लूप्स घालून डोकं दुखणारच, आणि "सवय होईल" हे उत्तर इथे चालत नाही. ते परत करा.

पॉवर खरी किती हेही तपासता येतं, कारण सगळ्या कंपन्या ती एकाच पद्धतीने मोजत नाहीत. मोबाईलचा कॅमेरा १ एक्सवर ठेवून वर्किंग डिस्टन्सवरून ग्राफ पेपरचा फोटो घ्या. मग तेवढ्याच अंतरावरून, कॅमेऱ्यापुढे नळी धरून दुसरा. दोन्ही फोटो झूम न करता बघा आणि १० मि.मी.चा भाग स्क्रीनवर पट्टीने मोजा. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की खरी पॉवर मिळते. ३.५ लिहिलेले लूप्स प्रत्यक्षात बरेच कमी निघू शकतात.

लाईट

लूप्सपेक्षा लाईटने जास्त फरक पडतो असं काही जण म्हणतात. मागच्या मोलरवर काम करताना ते मलाही पटतं, कारण चेअरच्या दिव्याची सावली तुमच्या हाताचीच पडते. पण लाईट नंतरही घेता येतो. आत्ता पैसे कमी असतील तर ते फ्रेम आणि भिंगावर घाला आणि लाईट लावायची जागा फ्रेमवर आहे एवढं बघून घ्या.

घ्याल तेव्हा दोन गोष्टी पाहा. प्रकाशाचा ठिपका आणि नजरेचं वर्तुळ एकमेकांवर यायला हवं, आणि ठिपक्याची कड गोल व समान हवी. दुसरं, कंपोझिटसाठी नारिंगी फिल्टर असायलाच हवा. बहुतेक कंपोझिटमधलं कॅम्फरक्विनोन (प्रकाशाने घट्ट होणं सुरू करणारं रसायन) सुमारे ४६८ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतं आणि पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो. फिल्टर नसेल तर आकार देता देता कंपोझिट घट्ट होऊ लागतं. शेड निवडताना मात्र फिल्टर आणि लाईट दोन्ही बाजूला ठेवा. बॅटरी कमरेला असलेला वायरचा लाईट नाकाला हलका पडतो, वायरलेस सुटसुटीत असला तरी पुढचं वजन वाढवतो. मी विद्यार्थ्याला वायरचा सांगेन. आणि प्रखर म्हणजे चांगला असं नाही. तोंडात लखलखाट आणि बाहेर अंधार असला की नजर प्रत्येक वेळी जुळवून घेताना थकते.

पैसे आणि खरेदी

बिननावाचे २.५ एक्स फ्लिप-अप काही हजारांत मिळतात. झाइस, हाइन, ओरास्कॉप्टिक अशा कंपन्यांचे मापानुसार बनवलेले लूप्स लाईटसह लाखाच्या घरात आणि पुढे जातात. मध्ये मोठा पट्टा आहे. आधीच टायपोडोंट, एअरोटर, इन्स्ट्रुमेंट्सचा खर्च घरच्यांनी केलेला असतो, त्यामुळे लाखभराचं कर्ज काढून तिसऱ्या वर्षात लूप्स घेऊ नका. वर सांगितलेल्या चाचण्यांत उतरलेले काही हजारांचे लूप्स इंटर्नशिपपर्यंत सहज साथ देतात.

घेण्याची जागा निवडताना हाताळायला मिळणं हा पहिला निकष ठेवा. दंत परिषदांमधल्या व्यापारी स्टॉलवर एकाच वेळी पाच-सहा प्रकार डोळ्याला लावून बघता येतात, अगदी काही घ्यायचं नसलं तरी एकदा जाऊन या. डीलर कॉलेजात डेमोला येतात तेव्हा त्यांच्याकडून लूप्स दिवसभर वापरायला मागा, पाच मिनिटांत सगळेच चांगले वाटतात. ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची मुदत, सुट्या स्क्रू आणि नोज पॅडची उपलब्धता, वॉरंटी भारतात मिळते का आणि जीएसटीचं बिल मिळेल का, हे लेखी विचारा. पार्सल आल्याच्या दिवशीच ग्राफ पेपर काढा, मुदत संपेपर्यंत थांबू नका.

सिनिअर दादाचे जुने फ्लिप-अप घेत असाल तर आधी त्याचं वर्किंग डिस्टन्स विचारा. तुमच्या मापाशी ते जुळत नसेल तर किंमत कितीही कमी असो, बोलणं तिथेच थांबवा. जुळत असेल तर बिजागरी ढिली झाली आहे का, नळीच्या आत धूळ किंवा बुरशीचे धागे दिसतात का, ते बघा.

बसवणं आणि सवय

फ्लिप-अप हाती आले की एक संध्याकाळ सेटिंगला द्या. आधी फ्रेम आणि पट्टा नीट बसवा, कारण फ्रेम हलली की पुढचं सगळं हलतं. मग सगळे स्क्रू थोडे सैल करून पवित्र्यात बसा, टायपोडोंटवर नजर ठेवा आणि कोन जुळवा. एक डोळा मिटून दुसऱ्याचं वर्तुळ पूर्ण गोल दिसेपर्यंत नळी सरकवा, मग दुसरा डोळा. शेवटी दोन्ही डोळ्यांनी एकच वर्तुळ आलं की स्क्रू कसा आणि पट्टीवरचे आकडे लिहून ठेवा.

सुरुवात पेशंटवर करू नका. पहिले काही दिवस टायपोडोंटवर वीस-वीस मिनिटं काम करा. नळीबाहेरून इन्स्ट्रुमेंट घेताना हात चुकतो, ते नजर न हलवता घेण्याचा सराव लागतो. एक-दोन आठवड्यांत बसतं. त्यानंतरही डोकं दुखत असेल किंवा लूप्स काढल्यावर काही काळ दोन दिसत असेल तर फुलीची चाचणी परत करा, आणि तीही ठीक असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला लूप्स वापरायचे असतील तर विभागात आधीच विचारून ठेवा.

नागपूरच्या हवेत सांभाळणं

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि उभ्या गाडीची डिक्की त्याहून कितीतरी तापते. तिथे लूप्स आणि लिथियमची बॅटरी, दोन्हीही ठेवू नका. भिंगं चिकटवणारा पदार्थ आणि कोटिंग उष्णतेने खराब होतात. पावसाळ्यात उलट त्रास: ओल राहिली की भिंगावर बुरशी चढते, म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती अधूनमधून बदला. घामाने आणि मास्कमुळे काच धुरकटते, त्यावर मास्कच्या वरच्या कडेला मायक्रोपोर टेप लावणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे.

पेशंट झाला की फ्रेम आणि नळीची बाहेरची बाजू जंतुनाशकाच्या ओल्या वाइपने पुसा. थेट फवारा मारू नका, नळाखाली धरू नका, ऑटोक्लेव्ह तर अजिबात नाही. भिंगावर आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मायक्रोफायबरने पुसा. एप्रनच्या टोकाने पुसलं की अल्जिनेट आणि प्युमिसचे कण कोटिंगवर घासले जातात. साइड शील्ड काढून ठेवू नका, स्केलिंगचे तुषार बाजूनेच डोळ्यात येतात. आणि लाईट क्युअर चालू असताना लूप्स आहेत म्हणून निळ्या प्रकाशाकडे बघू नका, नारिंगी शील्ड तेव्हाही लागतेच.

बिजागरीचे स्क्रू महिन्यातून एकदा कसा आणि त्याच दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी सेटिंग ताडून बघा. नंबर दर वर्षी तपासा. बदलला तर फक्त काच बदलायची आहे, लूप्स नाही.